तात्यांची करवंटी

तात्यांना शेवटचं पाहिलं ते बारामतीला, डॉक्टरांच्या ओसरीवर. शेळगावहून बैलगाडीनं आम्ही त्यांना आणलं होतं. अंग नुसतं भाजत होतं आणि तळहात-तळपायांवरसुद्धा पुरळ उठलं होतं. देवी आल्या असं समजून घरच्यांनी उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला, औषध दिलं नाही. आमच्याकडं तसंच करतात. डॉक्टरांनी करदोडा वर सारला, खालची काळी खपली पाहिली आणि विचारलं, "जनावरांत वावर असतो का?"

तात्या त्याही स्थितीत हसले. "जल्म तितंच गेला की..."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ती काळी खपली गोचिडाच्या चाव्याची. गोचिडाच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. तो चावला की माणसाच्या रक्तात उतरतात. याला अजून कुठंच औषध निघालेलं नाही, मास्तर. आधी आणलं असतंत तरी माझे हात बांधलेलेच होते."

तात्या माळकरी. रोज सकाळी गोठ्यात बसून बैलांच्या कानांतले, गळ्याखालच्या पोळीतले गोचीड वेचायचे. बैलही मान लांबवून, डोळे मिटून उभे राहायचे. बाकीचा गाव वेचलेले गोचीड इंगळावर टाकतो. तात्या मात्र ते नारळाच्या करवंटीत घालायचे, वर रुईचं पान झाकायचे आणि करवंटी धोतराच्या सोग्यात धरून ओढ्यापलीकडं झुडपांत सोडून यायचे. इंदापूरच्या बाजारात परक्यांच्या गाईंचे कानही ते तपासत बसत, आणि मी उन्हात ताटकळत मनातल्या मनात चरफडत असे.

"काय तात्या, लेकी सासरी पोचवून आलात का?" मी चिडवायचो.

"मास्तर, तुमी पोरांना मारता, म्हून म्या गोचिडांना मारू व्हय?"

आज मला त्यांचा राग येतो. इतक्या जिवांना सोडून दिलंत तात्या, त्यातल्याच एकानं तुम्हाला नेलं... आणि राग ओसरला की नुसतं रडू येतं.

दिवसकार्य झाल्यावर तात्यांच्या पत्नीला, वहिनींना, मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं. गोचीड उघड्या हातानं काढायचे नाहीत, काढले की रॉकेलात टाकायचे. वहिनींच्या गळ्यातही माळ. त्यांनी माळेला हात लावला. मग म्हणाल्या, "माळ घालून जीव कसा मारू? आन न्हाय मारला तर... सून दिवसांची हाय, मास्तर. श्यानघान तीच करती."

पुढं बरेच दिवस गोठ्यात कुणी वेचायला बसलं नाही. बैलांचे कान गोचिडांनी भरून गेले.

गेल्या आठवड्यात गेलो तेव्हा वहिनी गोठ्यात होत्या. त्यांनी गळ्यातली माळ काढून खुंटीला अडकवली, हाताला फडकं गुंडाळलं आणि डब्यात रॉकेल ओतलं. मदत करावी म्हणून मी मेढीच्या खांबावरची करवंटी काढून पुढं केली.

"ती न्हाय!" वहिनींनी ती माझ्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. पदरानं पुसली आणि खुंटीला माळेशेजारी टांगली.

"ती ह्येंची हाय, मास्तर. तिच्यात आजवर कुनी मेलं न्हाय."