डावीकडच्या सीटची उंची

शोरूममध्ये गाडी बघायला आलेली माणसं बॉनेटवरून हात फिरवतात, टायरला हळूच लाथ मारतात, आत बसून हॉर्न वाजवून बघतात. माझी आत्या यातलं काहीच करायची नाही. ती पुढचं डावीकडचं दार पूर्ण उघडायची, गाडीकडे पाठ करून उभी राहायची आणि आपलं उजवं अंग सोडून द्यायची. हात लोंबता, पाय निर्जीव, मान जराशी कललेली. मग डाव्या हाताने दाराच्या चौकटीचा आधार घेत ती कशीबशी सीटवर टेकायची आणि उजवा पाय डाव्या हाताने उचलून आत ठेवायची. शहापूरच्या शोरूममधल्या मुलीने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती पाण्याचा ग्लास घेऊन धावत आली. "मॅडम, चक्कर येतेय का?"

"नाय गो," आत्या तशाच कललेल्या मानेने म्हणाली, "मी माझा नवरा झालेय."

सगळा मुलूख तिला सिस्टर म्हणायचा. शेणव्याच्या बाजूला सरकारी नोकरीत नर्स म्हणून तिची हयात गेली. पाड्यापाड्यांवर चालत जाऊन तिने बाळंतपणं केली होती. मुरबाडच्या बाजारात एखादा मिशीवाला बाप्या मध्येच वाकून पायांना हात लावायचा आणि आत्या मला सांगायची, "हा पायाळू होता. लई छळलंन त्याने." ती निवृत्त झाली आणि काही महिन्यांतच काकांना अर्धांगवायूचा झटका आला. काका म्हणजे तिचे यजमान. मुरबाड ते वैशाखरे या रस्त्यावर त्यांची काळी-पिवळी जीप चालायची. वाचा गेली ती हळूहळू निम्मी परत आली. शिव्या मात्र पहिल्या आठवड्यापासून स्वच्छ यायच्या. "शिव्यांचं कपाट मेंदूत वेगळं असतं," असं आत्या आलेल्या-गेलेल्याला समजावून सांगायची.

आजारपणाला ती भ्यायली नाही. ती अडकली ती वेगळ्याच गोष्टीत. एकदा तपासणीला न्यायचं म्हणून चौघांनी काकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचलून नेलं. रिक्षात त्यांना कोंबताना चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "अरे, हा तर आपला ड्रायव्हर!" त्यात कुचेष्टा नव्हती. ओळख होती, हळहळ होती. पण घरी आल्यावर काका म्हणाले, "आता मी उंबरा ओलांडनार नाय. डॉक्टरला घरी आन, नायतर मरू दे." ते बोलले तसेच वागले. पुढच्या खोलीच्या खिडकीशी त्यांची खुर्ची कायमची मांडली गेली आणि समोरून जाणाऱ्या गाड्या बघत ते बसून राहू लागले.

आत्या मग शेजारच्या शांताबाई सवडीने येऊन बसतील तेवढ्या वेळापुरती मोकळी. बाजार, औषधं, की परत. बहिणीच्या नातवाचं लग्न तिने फोनवर पाहिलं. चौदा एप्रिलची मिरवणूक दारावरून जायची तेव्हा ती ओट्यावर उभी राहून हात जोडायची, पण चार पावलं बरोबर चालायची नाही. आतून हाक यायची. एकदा भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "नोकरीत निदान बदली तरी व्हायची गो."

गाडीची कल्पना तिची एकटीची. खुर्चीतून उचलून न्यायला नको, कुणाचा हात लागायला नको. माणूस आपल्या अंगणात आपला आपण गाडीत टेकला पाहिजे. साध्या गाड्यांची सीट खाली, त्यात बसलेल्या माणसाला ओढून काढावं लागतं. जीपसारख्या उंच गाडीत तर त्यांना चढवणारच नाही. म्हणून ही मधली, छोटी एसयूव्ही. आधी ती मुरबाडच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकली. लग्नानंतर तिने जीप शिकवा म्हटलं तेव्हा काका हसले होते, आता ती शिकून घरी आली की खिडकीतून विचारायचे, "आज कुनाला उडवलंस?" "अजून कुनी भेटला नाय," म्हणत ती त्यांची मान पुसायला घ्यायची.

मी तेव्हा मुरबाडच्या एका पतसंस्थेत नोकरीला होते. सुट्टीच्या दिवशी शांताबाईंना बसवून आम्ही दोघी शहापूरला जायचो. हायवेच्या कडेला वेगवेगळ्या कंपन्यांची शोरूम्स. गाड्यांची नावं आत्याच्या तोंडात कधी बसली नाहीत. तिच्या लेखी एक पांढरी, एक लाल आणि एक राखाडी. पांढरीचा सेल्समन सनरूफवर इतका वेळ बोलला की आत्या म्हणाली, "अहो, आमच्या घराची चार कौलं फुटलीत, आकाश दिसतं तसंही." पांढरीत बसायला सोपं होतं, पण सीटच्या कडा फुगीर, त्यावरून कमरेने सरकताना तिला दोनदा धक्का बसला. पांढरी बाद.

लाल गाडीचं दार जवळजवळ काटकोनात उघडायचं. सीट बरोबर तिच्या ढुंगणाला लागायची. वर चढणं नाही, खाली कोसळणं नाही. आतला गालिचा सपाट, पाय ओढून आणायला अडथळा नाही. तिने तीन वेळा काका होऊन बघितलं आणि तिन्ही वेळा ती न धडपडता आत गेली. चालवायला मात्र ती गाडी अगदी मिळमिळीत. चढ आला की धापा टाकायची. क्लच जड. स्टेअरिंगवर बसलेल्या आत्याचा चेहरा डाळ-तांदूळ निवडताना असतो तसा होता.

आणि मग राखाडी. तिची सीट उंच होती. काका होऊन चढताना आत्याचा निर्जीव केलेला पाय खालीच राहिला आणि ती अर्धी बाहेर लोंबकळली. तिथेच विषय संपायला हवा होता. पण शोरूमचे गायकर म्हणून एक पोक्त गृहस्थ होते, ते म्हणाले, "सिस्टर, आलाच आहात तर चालवून बघा. माझ्या भाचीचा जन्म तुमच्या हातचा आहे." आत्या ड्रायव्हरच्या सीटवर बसली. गायकर तिच्या शेजारी, मी मागे. ठरलेला रस्ता थोडाच. पुढच्या पुलाखालून वळायचं आणि परत.

पूल आला. गायकर म्हणाले, "इथून उजवीकडे." आत्या वळली नाही. गाडी इतकी मऊ पळत होती की वेग वाढल्याचं कळलंही नाही. आटगाव मागे पडलं. "सिस्टर, पुढच्या कटला घ्या." तोही गेला. मी मागून आरशात बघितलं. तिचे ओठ घट्ट मिटलेले, डोळे रस्त्यावर. तिच्या पर्समधला फोन माझ्या मांडीवर वाजायला लागला. काकाच असणार. मी म्हटलं, "आत्या, फोन." ती म्हणाली, "वाजू दे." गायकर एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. खर्डी गेली. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. कसाऱ्याजवळ, घाट जिथे सुरू होतो तिथे, ट्रक दम खात उभे असतात. त्यांच्या रांगेमागे तिने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

समोर ट्रक एकामागून एक घाट चढत होते. मग ती काचेकडे बघतच म्हणाली, "वर नाशिक. त्याच्या पुढं धुळं. त्याच्या पुढं मला ठाऊक नाय." गायकर दार उघडून खाली उतरले आणि उगाच टायर बघत पलीकडे गेले. भला माणूस. आत्या स्टेअरिंगवर दोन्ही हात तसेच ठेवून म्हणाली, "मी वळलेच नसते तर काय झालं असतं गो?" उत्तरही तिनेच दिलं. "शांताबाई बिचारी अडकली असती माझ्या जागी." मग तिने फोन घेतला, काकांना सांगितलं की ट्रॅफिक आहे, आणि गायकरांना हाक मारली. परत येताना तिने एकदाही ओव्हरटेक केलं नाही.

तिने लाल गाडी बुक केली. मी चिडले. म्हटलं, "तुला राखाडी आवडली होती. बसायला एक पायरी करून घेऊ, काहीतरी करू." ती म्हणाली, "जी आवडली ती घेतली तर मी एकटीच जाईन. माझा मला भरवसा नाय."

लाल गाडी अंगणात आली. त्रिसरण-पंचशील झालं, हार घातला, पेढे वाटले. काका खिडकीपासून उठले नाहीत. आत्याने दार उघडून दाखवलं, स्वतः बसून दाखवलं, कुणी उचलणार नाही असं शपथेवर सांगितलं. काका म्हणाले, "बाईमाणूस चालवनार, आनि मी बाजूला मुटकुळं होऊन बसनार? मुरबाडभर हसतील." पुढच्या शिव्या मी लिहीत नाही. आत्या ओट्यावर जाऊन बसली. नर्सचा पेशा असा की लोकांपुढे रडायची सवय मोडते. तिने नुसते हारातले झेंडू एकेक करून कुस्करले. ज्याच्यासाठी सगळी मापं घेतली, तोच गाडीत बसेना.

कित्येक दिवस गाडी तशीच उभी. कोंबड्या टपावर बसू लागल्या. मग एका सकाळी आत्याने शांताबाईंना बोलावलं, कोंबड्या हाकलल्या, साडी बदलली आणि खिडकीशी जाऊन म्हणाली, "मी शेणव्याला जाऊन येते. दुपारपर्यंत येईन." काका बघतच राहिले. ती गेली आणि दुपारी आली. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. जुन्या मैत्रिणी भेटल्या, कुणाच्या सुनेचं बाळ बघून आली, येताना करवंदं आणली. गाडी मिळमिळीत असली तरी नेत होती. घरी आल्यावर तिचा आवाज जरा मोकळा यायचा, हे मला फोनवरसुद्धा कळायचं.

एकदा ती निघाली, तर खिडकीतून आवाज आला. "मला पन ने." शांताबाई सांगतात, आत्या अंगणात थबकली. या तीन शब्दांसाठी तिने केवढा खटाटोप केला होता. पण ती म्हणाली, "उद्या नेते. आज माझा दिस हाय." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी काका काठी टेकत, पाय ओढत अंगणात आले आणि गाडीत बसले. कुणी उचललं नाही. पाठ टेकली, पाय आत घेतला, दार लागलं. मी मागे होते. टोकावड्यापर्यंत त्यांनी आत्याच्या प्रत्येक गिअरला शिवी दिली. वैशाखऱ्याला चहा सांगितला. टपरीवाला म्हातारा गाडीपाशी आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "ड्रायव्हर, किती वरसांनी? आनि आज पाशिंजर होऊन?" मला वाटलं, आता संपलं. काकांनी डाव्या हाताने कप घेतला, अंगठा आत्याकडे केला आणि म्हणाले, "नवीन ड्रायव्हर ठेवलाय. तापट हाय." त्यानंतर ठरूनच गेलं. एक फेरी त्यांची, एक फेरी तिची.

काका गेले ते तिच्या फेरीच्या दिवशी. शांताबाईंनी चहा दिला, त्यांनी घेतला, खिडकीशी मान टेकवली, आणि संपलं. आत्या तेव्हा शेणव्याहून परतीच्या वाटेवर होती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मांडवात बायका कुजबुजत होत्या. नात्यातल्या एकीने तर उघडच म्हटलं, "फिरायला गेली नसतीस तर शेवटचं पानी तरी तुझ्या हातचं मिळालं असतं." मी उठणार होते, आत्याने माझा हात दाबून मला बसवलं. "मिळालं असतं," ती म्हणाली. "हे माझ्या मनाला कायम लागून राहील. पन मी कधीच गेले नसते, तर तो नुसता कुडीनं जगला असता नि मी त्याच्यावर राग धरून बसले असते. आमी दोघं शेवटी बरी वागलो एकमेकांशी."

त्याच वर्षी मला नांदेडला नोकरी लागली. कल्याण स्टेशनला सोडायला आत्या स्वतः आली. सामान उतरवून झाल्यावर म्हणाली, "आता कुठंही जाता येतं गो. कधीही. नि दाराला कुलूप लावताना पाय जड होतो. मी कधी येनार ते सांगायला कुनी नाय." रेल्वेची वेळ झाली होती. मी तिला मिठी मारली आणि ती मला पाठमोरी करून ढकलत म्हणाली, "जा. तुझं माझ्यासारखं नको व्हायला."

आता दर रविवारी सकाळी मी तिला फोन करते. "कुठं आहेस? कुणाबरोबर? घरी कधी पोचशील?"

"कशाला गो सारखी चौकशी?" ती खेकसते. "पायात बेडी घातल्यासारखं." मग गाडी कडेला घेतल्याचा आवाज येतो. "हे बघ, आत्ता टोकावड्याच्या पुढं हाय. बायका काकड्या घेऊन बसल्यात, त्या घेते. मग शांताबाईच्या लेकीकडं जरा टेकते. जेवायला घरी. एक वाजेल. सव्वा धर. वाट बघ."

मी बघते.