ज्याचे बारकावे ठाऊक

लॅबच्या बाकावर लेक माझ्या शेजारी मांगा उघडून बसली होती. ते जपानी चित्रकथेचं पुस्तक, शेवटाकडून वाचायचं. माझ्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. काही सुचेना म्हणून मी विचारलं, "ह्यातला हिरो लढतो तरी कशाने?"

"कल्पनेने. मनात आणेल ते खरं होतं."

"मग तो हरतो कसा?"

"अगं आई, नुसतं मनात आणून भागत नाही. त्या वस्तूचे सगळे बारकावे माहीत असावे लागतात. तलवार हवी तर तिचं वजन, मुठीची पकड, सगळं. नाहीतर काहीच होत नाही."

मी लगेच चांगला रिपोर्ट मनात आणून पाहिला. एक पांढरा कागद दिसला, पण त्यावर अक्षर उमटेना. आजाराचे बारकावे मात्र मला पाठ होते. ताईच्या डोक्याला बांधलेला निळा रुमाल, उशाशी ठेवलेलं स्टीलचं पातेलं, भाताच्या नुसत्या वासाने तिने फिरवलेलं तोंड. तिचं सगळं मीच तर केलं होतं. पुस्तकातला तो नियम खरा असेल, तर जिंकायला लागणारं सगळं सामान माझ्या भीतीकडे होतं, आणि आशेकडे नुसता कोरा कागद.

"पुढे काय होतं गं त्याचं?" मी विचारलं.

मी लेकीच्या मांडीवर पाहिलं. आलो तेव्हा उघडलेलं पान अजून तसंच होतं. तासाभरात तिने ते उलटलंच नव्हतं.

मावशीचं ते पातेलं धुवायला तीही असायची.