पट्टा फुगताना

सुनंदाच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळून मी यंत्राचं बटण दाबलं, तेव्हा माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. निकाल ऐकायला उभ्या असलेल्या मुलीसारखा तिनं अंगठा मुठीत घट्ट दाबून धरला होता.

गेल्या आठवड्यात डॉक्टर हसत म्हणाले होते, "बहुतेकांचं बीपी आम्हाला बघून वाढतं. वहिनी, तुमचं इथं नॉर्मल आणि घरी जास्त. घरी मोजतं कोण?"

"हे मोजतात," ती म्हणाली. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

बायकोवर कधी आवाज चढवला नाही, याचा मला अभिमान होता. पण नोकरीतली धास्ती मी रोज घरी घेऊन येतो. आमटीत मीठ कमी पडलं तर बोलत नाही, वाटी बाजूला सरकवतो. त्या वाटीच्या आवाजानं तिच्या छातीत काय होत असेल, हे कधी मनातच आलं नाही. आपण ताण गिळतो असं म्हणतो खरं, पण तो पचवावा लागतो शेजारी बसलेल्या माणसाला.

मी यंत्र बंद केलं. "आज तूच मोज," म्हणालो आणि खोलीबाहेर आलो. आत घरघर सुरू झाली, मग थांबली. 'किती आलं?' हा प्रश्न मी कसाबसा आवरला.

"अहो," आतून तिचा आवाज आला, "दाराआडच उभे आहात ना? तिथूनही हला जरा. मग पुन्हा मोजते."