इंजनबापूंची अमावस्या

इंजनबापू कधी कोणाचे आभार मानत नसत. ते झालेली गोष्ट सांगत. दर अमावस्येला दुपारी चारच्या सुमारास ते आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, मुलीचे बोट धरून बाहेर पडत. त्या महिन्यात मुलगी ज्या ज्या घरी जेवली, झोपली किंवा रडली असेल त्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभे राहत आणि वाराचे नाव घेऊन काय झाले ते सांगत. आत जात नसत. सांगून झाले की पुढच्या दाराकडे वळत.

शहाद्यातल्या एका जिनमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या गिरणीत, ते इंजिन चालवीत. खरे नाव मजुरांच्या हजेरीपटावर होते, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. बायको दोन वर्षांपूर्वी हिवतापाने गेली होती. मुलगी मंजुळा, म्हणजे मंजी, तेव्हा पाच वर्षांची. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाचा हंगाम. पहाटे बॉयलर पेटवायचा, वाफ धरली की भोंगा द्यायचा, आणि दिवे लागेपर्यंत इंजिनापासून हलायचे नाही, असे ते काम. एवढ्या वेळात मंजीला कुठे ठेवायचे हा प्रश्न रोज सकाळी नव्याने उभा राहत असे. कधी ती समोरच्या किराणा दुकानाच्या शेठाणीकडे असे, कधी जिनमध्ये रुईच्या पाट्या वाहणाऱ्या भुरीबाईजवळ, कधी माझ्या शाळेत शेवटच्या ओळीत. मी त्या वर्षी मास्तर म्हणून गावात आलो होतो आणि बापूंच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. दोन्ही खोल्यांना मिळून एकच ओटा होता.

अमावस्याच का, हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात विचारले. उत्तर साधे होते. अमावस्येला बैल जुंपत नाहीत, म्हणून कापसाच्या गाड्या येत नाहीत, म्हणून जिन बंद. त्या दिवशी सकाळी बॉयलर थंड करून आतून खरवडायचा असतो. "महिनाभर पानी उकयं का आतमा चुना धरस," बापू म्हणाले. "बाहेरथून काहीच दिखत नही. खरडं नही ते एक दिन फुटस." दुपारच्या फेरीबद्दल निराळे काही सांगण्याची त्यांना गरज वाटली नाही.

फेरीची रीत ठरलेली होती. आधी मंजी बोले. "मंगयवारे मी आठे खिचडी खादी. बुधवारे शेठाणीनी मन्ही येणी घाली." ती चुकली तर बापू दुरुस्त करीत. शेठाणी मारवाडातून लग्न होऊन आलेल्या, त्या पदर पुढे ओढून म्हणत, "अरे बापू, दो घास खिचडी का क्या बोलना! हमको शरम आवे." बापू शांतपणे म्हणत, "बोलानं नही, शेठाणी. फक्त आयकानं." नुसते 'लई उपकार झाये' म्हणणाऱ्या माणसांवर त्यांचा विश्वास नव्हता. "कोनता उपकार, कवय, ते सांगता येवाले पाहिजे," असे ते म्हणत.

बाजारात या प्रकाराची थट्टा होई. एकदा तेलाच्या घाण्याजवळ बसलेल्या एका तरुणाने आवाज दिला, "बापू, काल मी तुमले रामराम करा. ते बी सांगशात ना?" बापू थांबले. त्यांनी क्षणभर आठवून पाहिले आणि म्हणाले, "तो तू परवा करा व्हता." आजूबाजूचे लोक हसले, पण बापूंनी विनोद केला नव्हता.

फेरीचा शेवट घरच्या ओट्यावर होई. तो भाग गावाला माहीत नव्हता. शेजारी म्हणून मला माहीत होता. बापू मंजीला समोर बसवीत आणि त्या महिन्यात आपले काय चुकले ते तिला सांगत. शनिवारी विनाकारण ओरडलो. गुरुवारी केस विंचरायचे राहिले. बाजारातून गूळ आणतो म्हणालो आणि आणला नाही. पाच वर्षांची मुलगी पाय हलवीत ऐके, कधी मध्येच म्हणे, "गूळ मंगन आनी दिन्हा तुमी." बापू म्हणत, "हां. पन दोन दिन मंगन."

आमच्या दुसऱ्या हंगामात, माघ महिन्यात, एका सोमवारी शेठाणी लग्नाला गेल्या होत्या, भुरीबाई तापाने घरी होती आणि शाळेला सुट्टी असल्याने मीही गावात नव्हतो. बापूंनी मंजीला इंजिनघरात आणून एका पोत्यावर बसविले आणि उठायचे नाही असे बजावले. दुपारी चाकावरचा पट्टा उतरला. बापू तिकडे धावले. मुलगी पोत्यावरून उठली आणि तिने वाफेच्या नळीला हात लावला. उजवा तळवा भाजला.

मी संध्याकाळी परतलो तेव्हा हाताला पट्टी बांधून ती ओट्यावर झोपली होती. त्याच संध्याकाळी मी तापीकाठच्या प्रकाशा गावी तिच्या मामांना कार्ड लिहिले. मुलीचा हात भाजला आहे, वडिलांना कामावरून उठता येत नाही, आपण येऊन पाहावे, असा मजकूर होता. खाली नाव घातले नाही. 'एक हितचिंतक' एवढेच लिहिले. माझ्या माहितीप्रमाणे मजकुरात खोटे काही नव्हते. नाव न घालण्यात मात्र भित्रेपणा होता, आणि तो मला कार्ड पेटीत पडतानाच कळला होता.

मामा त्या महिन्याच्या चतुर्दशीला संध्याकाळी दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, घेऊन आले. तापीकाठी चांगली जमीन असलेले, पंचेचाळिशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी मुलीचा हात पाहिला, पाणीही न घेता म्हणाले, "पाव्हना, पोरले मी ली जास. मन्ही बहीन गई, तिन्ही पोर असी वारावर नही सोडानी. सकाय उठी का निंघसू."

"सकाय अमावस शे," बापू म्हणाले.

बैल जुंपायचे नाहीत हे बापूंनी सांगावे लागले याचाच मामांना राग आला असावा. "मंग परवा," ते म्हणाले आणि बैल सोडायला गेले. मंजी कोणाकडे राहणार हा प्रश्न अशा रीतीने एका दिवसापुरता लांबला.

सकाळी मी जिनवर गेलो. बापू बॉयलरच्या पोटात शिरले होते. बाहेर त्यांच्या चपला आणि खरवडण्याचा आवाज, एवढेच होते. मी भोकाशी वाकून म्हटले, "बापू, आज ओट्यावरचे तेवढे राहू द्या. मामा ऐकतील. पुढच्या महिन्यात सांगा."

खरवडणे थांबले. आतून घुमत आवाज आला, "मास्तर, अमावस काय पाव्हना देखीसन येस का?" आणि पुन्हा खरवडणे सुरू झाले.

चार वाजता ते मुलीला घेऊन निघाले. मामा ओट्यावर बसले होते. बापूंनी त्यांना "चला" म्हटले नाही, "नका येऊ" असेही म्हटले नाही. काही करायला नसलेला माणूस जसा उठतो तसे मामा उठले आणि मागून चालू लागले. मीही गेलो. शेठाणींच्या दाराशी मंजीने खिचडी, वेणी आणि एकदा सांडलेले दूध सांगितले. शेठाणींनी मामांकडे पाहून या खेपेस शरमेचे काही म्हटले नाही. पदर सावरून त्या नीट उभ्या राहिल्या आणि शेवटपर्यंत ऐकले. नंतर भुरीबाईची झोपडी. तिथे मंजीने आपण तिच्या मांडीवर किती दुपारी झोपलो ते सांगितले. भुरीबाई अंगात ताप असतानाही हसली आणि मामांना म्हणाली, "तुमी मामा शेतस ना? मंग हात हालवत कसा उनात?" मामांनी खाली पाहिले. माझ्या दाराशी मंजीने मी तिला पाटीवर तिचे नाव काढायला शिकविल्याचे सांगितले. मी "ऐकले" असे म्हणालो.

ओट्यावर बापूंनी मुलीला समोर बसविले. मामा खांबाला टेकून उभे होते. बापूंनी आवाज चढविला नाही की उतरविला नाही.

"सोमवारे तुन्हा हात भाजना. मी तुले एकली सोडी. पट्टा पडना. मी पयलं पट्टा देखा, पोर मंगन देखी. ह्या महिनामा हाई सर्वात मोठं चुकनं."

मामा खांबापासून सरळ झाले. त्यांना हवे होते ते आरोपीने स्वतःच दिले होते. मला वाटले, आता संपले.

तेवढ्यात मंजी म्हणाली, "आनि तुमी इंजन बंद करी टाकं, ते?"

"ते सांगानं नही," बापू म्हणाले. "ते चुकनं नही."

"पन करं ना? भोंगा बी दिन्हा नही. मालक केवढा वरडना! तुमी मले खांदावर लिन्हं आनि दवाखानामा गयात. आनि मी रडनू, तुमी बी रडनात."

मामांनी विचारले, "जिन कितला येय बंद व्हतं?"

"पोर निजी तवलोंग. दिवे लागनात तवय चालू करं, मंगन रातलोंग चालाडं."

मामा ओट्याच्या कडेवर बसले. मग त्यांनी जे सांगितले ते त्या दिवशी दुसऱ्या कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. सोमवारी त्यांच्या स्वतःच्या कापसाच्या तीन गाड्या त्या जिनच्या आवारात उभ्या होत्या. त्यांचा सालदार गडी गाड्या घेऊन उशिरा परतला आणि जिन बंद पडले म्हणाला. "मी त्याले शिव्या दिन्ह्यात," मामा म्हणाले. "इंजनवालाले बी दिन्ह्यात. म्हनं, कोनता आयशी, कामचुकार मानूस ठेयेल शे तठे." त्यांनी मंजीचा पट्टी बांधलेला हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. शेवटी बापूंकडे न पाहता म्हणाले, "आते हाई बी तुमी सांगाले लावं मले."

प्रतिपदेला सकाळी दमणी जुंपली गेली. मामा एकटेच बसले. त्यांनी निघताना समजूत घातली नाही की माफी मागितली नाही. फक्त मंजीला म्हणाले, "उन्हायामा येजो. टरबुजा खावाले." गाडी वळेपर्यंत बापू हात जोडून उभे होते; ती दिसेनाशी झाल्यावर खाली बसले, आणि त्या दिवशी भोंगा पाव तास उशिरा वाजला. गावाने त्याचे कारण विचारले नाही.

आठ दिवसांनी दमणी पुन्हा आली. तिच्यातून मामांची विधवा आत्या उतरली. तिला सगळे जिजी म्हणत. हंगाम संपेपर्यंत मुलीजवळ राहायला मामांनी तिला पाठविले होते. तिने उतरताच बापूंच्या चुलीला, भांड्यांना आणि मंजीच्या केसांना नावे ठेवली आणि दुपारपर्यंत तिन्ही गोष्टी स्वच्छ केल्या. पुढल्या हंगामात ती न बोलावता आली. मंजीला कोठे ठेवायचे हा सकाळचा प्रश्न बंद झाला. अमावस्येची फेरी बंद झाली नाही. दारे कमी झाली, आणि घरातल्या घरात जिजीपुढे उभे राहून सांगायचे पुष्कळ वाढले.

मी आणखी एक वर्ष शहाद्यात होतो. त्या वर्षात बारा अमावस्या आल्या आणि बाराही वेळा मी बापूंच्या ओट्यावरचे बोलणे ऐकले. एकदाही माझे बोललो नाही. मग धुळ्याच्या एका साप्ताहिकात मला काम मिळाले. निघायच्या दिवशी मी सामान मोटारीवर पाठविले आणि बापूंच्या दाराशी, उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.

"मागच्या माघात मामांना आलेले कार्ड मी लिहिले होते," मी म्हणालो. "सोमवारी संध्याकाळी. सही केली नव्हती."

बापू दाढी करीत होते. त्यांनी वस्तरा खाली ठेवला. "मले ठाऊक शे. ते मन्हा मेव्हनानी मले दखाडं. मन्हा रजाना अर्ज कोन लिखस? ते अक्षर मी वयखस नही का?"

"मग वर्षभर बोलला का नाहीत?"

"तुमनी गोट तुमी सांगानी," बापू म्हणाले. "मी कसाले सांगू?"

आतून जिजी पदराला हात पुसत बाहेर आली. तिने सगळे ऐकले होते. "म्हंजे मले आठे मास्तरनी आनं का! आनि मी वरीसभर भाचाले शिव्या दी ऱ्हायनू, का म्हतारी बाईले घर सोडाले लावं! आते त्या शिव्या कोनले देवाना?"

"मला द्या," मी म्हणालो.

"बठा मंग. चहा ल्या पयले. उपाशी मानूसले शिव्या देवाना नही."

मी त्या घरात पहिल्यांदा आत जाऊन बसलो. चहा झाला, शिव्या झाल्या. मंजी हसून हसून खाली लोळली आणि बापू अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून हसले. मोटार सुटायला थोडा वेळ होता. मंजी मला अड्ड्यापर्यंत पोचवायला आली आणि वाटेत तिने मला मारुतीच्या देवळाशी वळण चुकवून गर्दीतून नेले, कारण त्या बाजूला तिची एक मैत्रीण राहत होती. कितीही आडवाटेने गेलो असतो तरी चालले असते, इतके हलके वाटत होते.