आंबा घाटातली आखूड वाट

सगळ्यात आधी साखरप्याच्या दत्तारामकाकांचं नाव घेतो. रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या कोल्हापूरला पोचवणारी पिकअप चालवतात. ते नसते तर त्या दिवशी माझं काही खरं नव्हतं... असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. शिक्षण आठवीपर्यंतच, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

मी रत्नागिरीचा, मिरकरवाड्याचा. नोकरी हैदराबादला. गेल्या मे महिन्यात भाचीचं, सायलीचं लग्न होतं. तिला मामा मी एकटाच — मांडवात तिला मीच आणायचं. लहानपणापासून तिचं तेच, "मामा, तूच आणायचंस हं." सुट्टी आयत्या वेळी मिळाली म्हणून तिनेच विमानाचं तिकीट काढून पाठवलं. रत्नागिरीला प्रवासी विमान नाही, म्हणून सिंधुदुर्गातल्या चिपीचं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, आरामात पोचणार होतो.

पण चिपीवर ढग. घिरट्या घालून शेवटी विमान कोल्हापूरला उतरवलं. वरून हे दोन विमानतळ अगदी शेजारी वाटले हो... बाहेर आलो तर दहा वाजून गेलेले, आणि मोबाईल रत्नागिरीला साडेतीन तास दाखवतोय. रस्त्यावर येऊन दिसेल त्या गाडीला हात करत सुटलो. काकांनी रिकामी पिकअप थांबवली.

"रडतोस काय मेल्या? बस आत."

काकांचं घर घाटाखाली साखरप्यात, रस्त्यालाच. त्यांनी काकींना फोन करून सांगितलं, "सरबत घेऊन रस्त्यावर उभी राहा, पोराच्या पोटात काही नाही."

घाटमाथ्यावर पोचलो तेव्हा पावणेबारा. पुढे अजून दीड-दोन तासांची वाट, आणि काकांनी गाडी थांबवली.

"काका, थांबू नका ना... जोरात घ्या."

"घाटात जोर मागायचा नसतो. गप उतर."

चपला काढून त्यांनी घाट राखणाऱ्या देवाला गाऱ्हाणं घातलं, "बा रखवालदारा म्हाराजा, हा पोर भाचीला मांडवात न्यायला चाललाय. त्याची वाट आखूड कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी सवयीने म्हणालो.

दोन-तीन वळणं उतरलो असू. मी सायलीच्या शाळेचं काहीतरी सांगत होतो... आणि समोर हातखंबा तिठा. रत्नागिरीचा फाटा! वाटेत साखरपा नाही, पाली नाही. दोघंही टक्क जागे.

"अरे," काका हळूच म्हणाले, "माझं गाव कुठे गेलं?"

तेवढ्यात काकींचा फोन. "अजून घाटातच काय? सरबत तापलं माझं."

"अगं, आम्ही हातखंब्याला."

"सकाळीच घेतलीत काय? डोळे फाडून उभी आहे इथे, गाडी गेलेली नाही."

हॉलच्या पायऱ्या चढलो तेव्हा भटजी माइकवर मुलीच्या मामांना बोलवत होते. सायली आत खुर्चीत, उठायला तयार नाही.

"उशीर केलास," ती म्हणाली. "घाम पूस आधी, फोटो आहेत." आणि माझा हात घट्ट धरला.

काका अक्षता टाकून, जेवून मगच निघाले. जाताना गाडीचा मीटर दाखवला — रोजच्या फेरीपेक्षा पन्नासेक किलोमीटर कमी. दोन दिवसांनी त्यांच्याच गाडीने परत गेलो, तर साखरपा जागच्या जागी, आणि वेळही पुरेपूर लागला. काका म्हणतात, "मागितलंस ते मिळालं, आता उकरत बसू नको." मला मात्र अजून घोर लागतो... ती उरलेली वाट गेली कुठे?

काकांनी विमान फक्त खालून बघितलंय. एक दिवस त्यांना आणि काकींना विमानात बसवून हैदराबादला माझ्या खोलीवर आणणार. खिडकीची जागा काकींना. हा माझा शब्द.