टायरच्या तळव्यांचे बूट

लग्न होऊन मी सुरतेला आले तेव्हा आमच्या दोन खोल्यांपैकी एकीत हत्यारांचंच राज्य होतं. हे नदीकाठच्या एका ट्रस्टच्या बागेवर देखरेखीला होते. बागेतल्या शेडमध्ये लोखंड गंजतं म्हणून धारेची हत्यारं घरी आणायचे. मेंदी कापायच्या लांब कातरी, फांद्या छाटायचे सिकेटर, विळे, कोयते. रविवारी सकाळी गॅलरीत बसून एकेकाला धार लावायची, जवसाच्या तेलाचं फडकं फिरवायचं आणि चामड्याच्या खोळीत घालून भिंतीवर टांगायचं. शेजारच्या गुजराती बेननी मला एकदा खरंच विचारलं होतं, "तमारा वर डॉक्टर छे?"

एक दिवस कातरीला खोळ चढवता चढवता हे थांबले. म्हणाले, "कातरीला आपण कपडे घालतो आणि कातर धरणाऱ्याला काही नाही."

बागेतले माळी बहुतेक खानदेशातले. काही जणांच्या बायका-सुनाही कामाला यायच्या. सगळे अनवाणी, उघड्या हातांचे. बोगनवेलीचे काटे रुतले की दातांनी ओढून काढायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. ह्यांनी ट्रस्टकडे गमबूट आणि हातमोजे मागितले होते. पुढच्या वर्षी बघू, असं उत्तर यायचं. ते वर्ष काही उजाडत नव्हतं.

मग तापीला मोठा पूर आला. आम्ही वरच्या मजल्यावर राहत असल्यामुळे वाचलो. पाणी उतरल्यावर बागेत गुडघाभर गाळ होता. त्यात फुटक्या बाटल्या, पत्रे, कुठल्या तरी कुंपणाची काटेरी तार आणि मुळासकट उन्मळलेली गुलाबाची झाडं. ट्रस्टचे शेठ स्वतः आले आणि उद्यापासून सफाई सुरू करा म्हणाले.

हे म्हणाले, "बूट मिळाल्याशिवाय माझा एकही माणूस गाळात उतरणार नाही."

"आटलां वरस उघाडा पगे ज काम चाल्युं ने?" शेठ म्हणाले. इतकी वर्षं अनवाणीच चाललं ना, मग आताच काय झालं?

"इतकी वर्षं गाळात काचा नव्हत्या," हे म्हणाले. आवाज चढवला नाही, पण मागेही सरले नाहीत. घरी आले तेव्हा चेहरा उतरला होता. नोकरी जाईल असं त्यांना वाटत होतं, आणि मलाही.

बाजारात गमबूट शोधायला जावं, तर दुकानंच चिखलात बुडालेली. शेवटी ह्यांनी ओळखीच्या एका मोच्याला घरी आणलं. ट्रकचे जुने टायर आणि ताडपत्री मिळाली. मोची टायरचे तळवे कापायचा, मी माझ्या शिलाई मशीनवर ताडपत्रीचे गुडघ्यापर्यंतचे पायमोजे आणि जाड हातमोजे शिवायची. सुया मोडत होत्या. जिथे मशीन हरायचं तिथे मोच्याची आरी चालायची. घरभर रबराचा वास.

मापं द्यायला माळ्यांमधली सर्वांत जाणती बाई आली. तिला सगळे मावशी म्हणायचे. तयार बूट उलटासुलटा करून ती हसायला लागली. "घोडाना मायक आम्हले नाल ठोकशात का, भाऊ?"

"हो, आणि शर्यतीला पाठवणार आहे," हे म्हणाले.

बुटांचं गाठोडं घेऊन मीही बागेत गेले. पुरुषांनी कुरकुरत का होईना, बूट चढवले. सुना मात्र पदर ओढून उभ्या राहिल्या. सासऱ्यासमोर, दिरांसमोर पायात घालायचं कसं? कुणीच पुढे येईना.

मावशी पुढे आली. सगळ्यांदेखत दगडावर बसली, बूट चढवले, नाडी आवळली आणि म्हणाली, "चिखलमा कोना सासरा बठेल शे?"

आधी पुरुषच हसले. मग सुनांनी पदरामागे हसत हसत बूट ओढून घेतले आणि मावशीच्या मागोमाग ओळीने गाळात उतरल्या. त्या जड बुटांत सगळ्यांची चाल बदकांसारखी झाली होती, पण हात झपाझप चालत होते. दुपारी मावशीने पाय वर करून मला तळवा दाखवला. बाटलीचा तुकडा टायरमध्ये अर्धा रुतून बसला होता. तिने तो उपटला, घमेल्यात टाकला आणि पुन्हा आत गेली.

काम निम्मं झालं होतं तेव्हा शेठ पाहणीला आले. पांढरं धोतर, पायात चकचकीत मोजडी. फाटकातून आत पाऊल टाकणार, तोच मावशी आडवी आली.

"शेठ, बूट घाल्याबिगर आत जायानं नही."

हे धावत आले. मला वाटलं, संपलं आता. शेठनी तिच्या पायांतल्या बुटांकडे पाहिलं. मग फाटकाजवळच्या बाकावर बसून त्यांनी मोजडी काढली, एका माळ्याने दिलेले टायरचे बूट चढवले आणि धोतर खोचून आत गेले. पार नदीच्या बाजूच्या भिंतीपर्यंत फिरून आले. परतल्यावर त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

पावसाळा संपायच्या आत मुंबईहून गमबुटांची आणि चामड्याच्या हातमोज्यांची खोकी आली. औषध फवारणाऱ्यांसाठी चष्मेही आले, ते तर ह्यांनी मागितलेही नव्हते. पलीकडच्या बंगल्यांचे माळी बघायला यायचे. आमच्या मोच्याला त्यांच्याकडूनही काम मिळालं.

माझ्या नवऱ्याचा हट्ट मी संसारात पुष्कळ सोसला. पण त्या दिवसांतला त्यांचा हट्ट आठवला की ऊर भरून येतो. मावशीचं तर काय सांगू? पुढे ह्यांनी तिला मुकादम केलं. पुरुषांवर बाई मुकादम, यावर थोडे दिवस कुजबुज झाली आणि विरली. कामावर नवा माणूस आला की ती आधी त्याच्या पायांकडे बघायची, नाव नंतर विचारायची.