मामाने जिंकलेला एकच वाद

माझ्या मामाला आयुष्यात एकच गोष्ट नीट जमली, पुस्तक शिवणं. बाकी सगळा आनंदच होता. भाजी आणायला पाठवावं तर भाजी आणायचा आणि पिशवी दुकानात विसरायचा. लग्न केलं नाही. मी नवऱ्याचं घर सोडून दोन बोचकी घेऊन त्याच्या दारात उभी राहिले, तेव्हा त्याने फक्त "जेवलीस का?" एवढंच विचारलं. पुढे अकरा वर्षांत का आलीस म्हणून एकदाही विचारलं नाही. कुणाच्या मनात बोट घालायचं नाही, हा त्याचा स्वभाव. मला तेव्हा ती देवाची कृपा वाटली होती. आता तशी वाटत नाही.

आठवड्याभरात त्याने मला बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला लावलं. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, मधोमध टेबल, खिडकीशी कागद कापायचं मशीन आणि कोपऱ्यात एक नळ. छापलेल्या कागदांच्या घड्या आम्ही तीन बायका घालायचो. त्या घड्या मामा आणि वकील समोरासमोर बसून सुईदोऱ्याने शिवायचे. मग पुस्तकाला खळ लागायची, ते शिकंज्यात दाबलं जायचं, कडा कापल्या जायच्या आणि वर पुठ्ठा चढायचा.

वकील हा खरा वकील नव्हता. शाळा सातवीतच सुटली होती. पण वाद घालायला लागला की समोरच्याला पळता भुई थोडी करायचा, म्हणून ते नाव. उंच, किडकिडीत, आणि हातांना सदा खळ. दिवसभर तो हात धुवायचा नाही. डबासुद्धा चमच्याने खायचा. "परत भरायचेच आहेत, मग धुवायचे कशाला," म्हणायचा. संध्याकाळी सहाला कारखाना बंद होताना मात्र कोपरापर्यंत घासून धुवायचा, कारण घरी जाऊन प्रार्थनेला बसायचं असायचं.

मामा कॅथलिक, वकील प्रोटेस्टंट. सत्तावीस वर्षं दोघे एका टेबलाशी बसून एकाच देवावरून भांडले. त्या भांडणाला एक नियम होता. सुई चालू असताना वाद घालायचा, पातं चालू असताना तोंड बंद. कापायच्या मशीनवर लक्ष उडालं तर बोट जातं, म्हणून मामा मशीनशी उभा राहिला की वकील अर्ध्या वाक्यात थांबायचा. मामा परत जागेवर बसला की उरलेलं अर्धं वाक्य पुरं करायचा. आम्हा बायकांना वाक्य कुठे तुटलं होतं तेही आठवत नसे. याला बरोबर आठवायचं.

मामा म्हणायचा, मरियामातेला विनंती केली तर बिघडलं कुठे, तुला सुट्टी हवी असली की तू मालकाकडे न जाता मालकाच्या आईकडेच जातोस की. वकील शांतपणे सांगायचा, आपला मालक सर्वज्ञ नाही, त्याला कुणीतरी सांगावं लागतं. आम्ही खाली माना घालून हसायचो. मेल्यावर आत्मा जिथे शुद्ध होतो त्या शुद्धीस्थानाचं मामाने खास जुळवून आणलं होतं. वाकडं शिवलेलं पुस्तक आपण फेकतो का? उसवतो, सरळ करतो, मग पुठ्ठा चढवतो. माणसाच्या आत्म्याचंही मेल्यावर तसंच. यावर वकिलाने दोन टाके घातले. मग म्हणाला, "पुस्तक स्वतःला उसवत नाही आणि शिवतही नाही. ज्याने करायचं त्याने ते एकदाच करून ठेवलंय."

पण सगळ्यात जास्त रंगायचा तो पापनिवेदनाचा वाद. मामा दर शनिवारी संध्याकाळी फादरकडे जाऊन आठवड्याची पापं सांगून यायचा. याची पापं ती काय असणार, मला तर प्रश्नच पडायचा. वकिलाचं म्हणणं, मध्ये माणूस कशाला? देवाला थेट सांगावं. आणि माणसाला सांगायचंच असेल तर ज्याच्यावर विश्वास आहे त्याला सांगावं, मित्राला, शेजाऱ्याला, त्याला झगा कशाला लागतो? मामा म्हणायचा, मित्र ऐकून घेईल, पण क्षमा देण्याचा अधिकार त्याला कुठून आला? अधिकाराशिवाय ऐकलेलं म्हणजे नुसत्या गप्पा. हे वाक्य मामा इतक्या वेळा बोलला होता की त्याला ते स्वतःच्या नावासारखं पाठ झालं होतं.

वकिलाची बायको केव्हाच गेली होती. एक मुलगा होता. नऊ वर्षांपूर्वी बापलेकात काहीतरी झालं आणि मुलगा दुसऱ्या गावी निघून गेला, तो परत आला नाही. काय झालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. वकील जगातल्या कुठल्याही विषयावर बोलायचा, या एका विषयावर नाही. मामाने अर्थातच विचारलं नाही.

तो मंगळवार होता. मामा मशीनशी उभा होता. वकील जागेवरून उठला, नळाशी गेला आणि हात धुतले. दुपारचे साडेतीन वाजले असतील. मी पाहिलं आणि घडी घालत राहिले. मग तो मशीनपाशी जाऊन उभा राहिला. पातं खाली आलं, वर गेलं, थांबलं.

मग म्हणाला, "मला तुला एक सांगायचंय. मनावर आहे. माझ्या हातून झालेलं आहे."

मामाने वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. सत्तावीस वर्षं हरलेल्या माणसाला एकदम हातात हुकमाचं पान आल्यासारखा आनंद होता तो. दुष्टावा नव्हता, शपथेवर सांगते. मामाला दुष्टावा जमलाच नसता.

"मी काय फादर आहे?" तो म्हणाला. "आणि तुमच्यात मध्ये माणूस लागत नाही ना? मग सांग की थेट वर."

आम्ही तिघी हसलो. मी सगळ्यात मोठ्याने हसले. वकीलही हसला. "बरोबर आहे," म्हणाला. मामाच्या कुठल्याही बोलण्याला त्याने बरोबर म्हटल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तो जागेवर जाऊन बसला आणि पुन्हा खळीत हात घातले. घरी जाताना मामा रस्ताभर खुशीत होता. मलाही कौतुक वाटलं त्याचं.

पुढच्या गुरुवारी वकील कामावर आला नाही. शेजाऱ्यांनी दार फोडलं. झोपेतच हृदय बंद पडलं होतं.

अंत्यविधीला त्यांच्या चर्चमध्ये मामा शेवटच्या बाकावर बसला. खिशात जपमाळ होती, ती बाहेर काढली नाही. बाहेर आल्यावर मला म्हणाला, याच्या आत्म्यासाठी आपल्या चर्चमध्ये मिस्सा सांगितली तर हा वरून भांडेल. आणि तिथेच भिंतीला धरून लहान पोरासारखा रडला.

त्या शनिवारी तो फादरकडे गेला आणि सगळं सांगितलं. फादर चांगले होते. तुम्हाला काय कल्पना, तुम्ही थट्टा केली, म्हणाले. प्रायश्चित्त म्हणून थोड्या प्रार्थना सांगितल्या. मामाने त्या केल्या. पुढच्या शनिवारी परत जाऊन तेच सांगितलं. तिसऱ्या शनिवारी फादरच म्हणाले, हे माफ झालंय, पुन्हा आणू नका. मामा घरी येऊन ताटावर बसला आणि जेवला नाही. "फादरनी माफ केलं," म्हणाला. "पण सांगायचं राहिलं ते वकिलाचं, फादरचं नव्हे."

महिन्याभराने वकिलाचा मुलगा आला. अंत्यविधीला तो पोचला नव्हता. बापासारखाच उंच. घर रिकामं करून बापाकडे असलेल्या कारखान्याच्या चाव्या द्यायला आला होता. दारातच उभा राहून त्याने मामाला विचारलं, "काका, बाबा माझ्याविषयी कधी काही बोलले का? तुमच्याजवळच बोलले असतील."

मामाला खोटं बोलता आलं असतं. फार आठवण काढायचा, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मलासुद्धा वाटलं, बोल एकदा खोटं, शनिवारी सांगून ये. पण मामाने त्या पोराला स्टुलावर बसवलं आणि जसं झालं तसं सांगितलं. वकील काय म्हणाला, आपण काय म्हणालो, सगळे कसे हसले. "तुझ्याविषयीच होतं का ते मला माहीत नाही. मी सांगूच दिलं नाही त्याला," म्हणाला. सत्तावीस वर्षं वकील जे म्हणत होता तेच तो आता करत होता, झगा नसलेल्या माणसाला आपली चूक सांगत होता.

पोरगा जमिनीकडे बघत बसला. "रागात होते का?" त्याने विचारलं.

याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि मी ते महिनाभर गिळून बसले होते. "हात धुऊन आले होते," मी म्हटलं. "भर कामात. साडेतीन वाजता."

त्याला फोड करून सांगावं लागलं नाही. बाबा हात फक्त प्रार्थनेसाठी धुतात हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने तोंडावर रुमाल धरला आणि बराच वेळ काढला नाही.

मामा उठला. नळाशी जाऊन त्यानेही हात धुतले, नखांतली खळसुद्धा काढली, आणि ओल्या हातांनीच त्याच्यासमोर येऊन बसला. कुणालाच कधी काही न विचारणारा माझा मामा म्हणाला, "काय झालं होतं रे तुमच्यात? तुला सांगायचं असेल तर मला सांग. मी ऐकतो."

पोराने रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "नाही काका," तो म्हणाला. "मला बाबांनाच सांगायचं होतं."

तो गेल्यावर मामा तसाच बसून राहिला. सुई समोर होती, दोरा ओवलेला होता. हात वाळले तरी त्याने ती उचलली नाही.